हरवलेल्या कबरीचा बादशहा : बहादुरशहा जफर

घटक ६

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस :
– बहादुरशहा जफर यांच्या जीवनक्रमाचा थोडक्यात परिचय करून देता येईल.
– राजावली आणि वंशावळ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
– चरित्रलेखनात कागद, जागा आणि लोकस्मृती या तीन प्रकारच्या पुराव्यांचे स्थान सांगता येईल.
– आपल्या घराण्याच्या पूर्वजांचा आणि त्यांच्या विस्मृत स्मृतिस्थळांचा शोध कसा घ्यावा, याची दिशा मिळेल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र हा वाङ्मयप्रकार अभ्यासताना आपण साधारणपणे जन्मापासून आरंभ करतो आणि मृत्यूपाशी थांबतो. परंतु काही माणसांचे चरित्र मृत्यूनंतरही संपत नाही. त्यांच्या देहाचे पुढे काय झाले, त्यांना कोठे विसावा मिळाला, त्यांच्या नावाचा दगड कोणी बसवला आणि कोणी बसू दिला नाही, हा त्यांच्या चरित्राचाच एक भाग असतो. दिल्लीचा शेवटचा मोगल बादशहा बहादुरशहा जफर हे अशा चरित्राचे ठळक उदाहरण आहे. त्याचा मृत्यू १८६२ साली रंगून येथे झाला. त्याची कबर नेमकी कोठे आहे, हे मात्र १९९१ पर्यंत निश्चितपणे कोणालाच सांगता येत नव्हते. मधली १२९ वर्षे ती कबर जमिनीखाली होती, आणि ती तशीच अज्ञात राहावी अशी मुद्दाम व्यवस्था केलेली होती.

या घटकात आपण जफरचे चरित्र पाहणार आहोत. त्याबरोबरच एक प्रश्नही आपल्यासमोर ठेवणार आहोत. एखाद्या माणसाची कबर नाहीशी करणाऱ्याला नेमके काय नाहीसे करायचे असते? आणि ते त्याला साधते का?

६.२ विषय-विवेचन

६.२.१ बारा पिढ्या, बारा कबरी

प्रथम वंशावळ पाहू. मोगल बादशहांची यादी आणि जफरची वंशावळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. यादीत गादीवर बसलेल्या प्रत्येकाचे नाव येते. वंशावळीत केवळ पिता-पुत्रांची सरळ परंपरा येते. उदाहरणार्थ, फर्रुखसियर आणि महंमदशहा हे दोघेही बादशहा झाले. परंतु जफरच्या थेट पूर्वजांत त्यांचा समावेश होत नाही, कारण ते भाऊबंदांच्या शाखांतले होते. राजावली सत्तेचा क्रम सांगते, वंशावळ रक्ताचा क्रम सांगते. घराण्याचा शोध घेणाऱ्याने हा भेद पहिल्या पायरीवरच ध्यानात ठेवावा.

बाबरापासून मोजल्यास जफर हा बाराव्या पिढीचा वंशज ठरतो. बाबर, हुमायून, अकबर, जहांगीर, शहाजहान, औरंगजेब, पहिला बहादुरशहा, जहांदारशहा, दुसरा आलमगीर, दुसरा शहाआलम, दुसरा अकबर आणि जफर अशी ही परंपरा आहे. आता या बारा जणांच्या कबरी कोठे आहेत ते पाहा. बाबराची काबूलला, हुमायूनची दिल्लीला, अकबराची आग्र्याजवळ सिकंदऱ्याला, जहांगिराची लाहोरजवळ शाहदऱ्याला आणि शहाजहानची ताजमहालात आहे. औरंगजेबाची कबर आपल्या महाराष्ट्रात, खुलताबादेस आहे. १७०७ साली अहमदनगर येथे त्याचा मृत्यू झाला आणि त्याच्याच इच्छेनुसार, सूफी संत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली त्याचे दफन झाले. पुढे जहांदारशहा आणि दुसरा आलमगीर यांचे देह हुमायूनच्या मकबऱ्यात विसावले. पहिला बहादुरशहा, दुसरा शहाआलम आणि दुसरा अकबर यांच्या कबरी दिल्लीजवळ मेहरौलीस, ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्यालगत आहेत.

या नुसत्या यादीतूनही साम्राज्याचा इतिहास वाचता येतो. आरंभीच्या कबरी काबूलपासून आग्र्यापर्यंत पसरलेल्या आहेत आणि त्यांवर भव्य वास्तू उभ्या आहेत. औरंगजेबाची कबर दख्खनेत आहे, कारण त्याच्या आयुष्याची अखेरची पंचवीसहून अधिक वर्षे दख्खनेतल्या मोहिमांत गेली. त्यानंतर कबरी दिल्लीभोवती आकसतात, त्यांवरचे घुमट नाहीसे होतात. मेहरौलीच्या त्या लहानशा कुंपणात जफरने स्वतःसाठीही जागा राखून ठेवली होती. ती जागा आजही रिकामी आहे. बारावी कबर तेथून हजारो किलोमीटर दूर, समुद्रापलीकडे आहे.

६.२.२ मराठ्यांच्या छायेतील बालपण

जफरचा जन्म २४ ऑक्टोबर १७७५ रोजी दिल्लीत झाला. वडील शहजादा अकबर, आई लालबाई. हा जन्म दिल्लीतच का झाला, याचा मागोवा घेतला की आपण मराठ्यांच्या इतिहासात येऊन पोहोचतो. जफरचे आजोबा शहाआलम हे अनेक वर्षे दिल्लीबाहेर, अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयाने राहत होते. १७७२ च्या जानेवारीत महादजी शिंदे यांच्या संरक्षणाखाली ते दिल्लीत परतले. जफर त्यानंतर तीन वर्षांनी जन्मला.

१७८८ साली गुलाम कादर या रोहिल्याने लाल किल्ल्यात शिरून वृद्ध शहाआलमचे डोळे काढले आणि बादशाही कुटुंबाची विटंबना केली. जफर तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. मराठी फौजांनी दिल्ली परत घेतली, महादजींनी अंध बादशहास पुन्हा गादीवर बसवले आणि पळालेल्या गुलाम कादरला पकडून ठार करण्यात आले. यानंतरची सुमारे पंधरा वर्षे दिल्लीवर शिंद्यांचा अंमल होता. महादजी १७९४ साली पुण्याजवळ वानवडी येथे निवर्तले. तेथील त्यांची छत्री आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सप्टेंबर १८०३ मध्ये जनरल लेकने शिंद्यांच्या सैन्याचा दिल्लीजवळ पराभव केला आणि बादशहा कंपनीच्या ताब्यात गेला. जफर त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता. म्हणजे त्याचे पौगंड आणि तारुण्य मराठ्यांच्या दिल्लीत गेले आणि पुढचे सारे आयुष्य इंग्रजांच्या दिल्लीत. राखणदार बदलत गेले. बादशाही मात्र दोन्ही काळांत दुसऱ्याच्या आधारावरच उभी होती.

६.२.३ कवी बादशहा

दुसऱ्या अकबराला आपला वारस म्हणून जफर नको होता. त्याचा ओढा मिर्झा जहांगीर या दुसऱ्या मुलाकडे होता. मिर्झा जहांगिराने इंग्रज रेसिडेंटावर गोळी झाडली आणि त्याची रवानगी अलाहाबादेस झाली, तेव्हा जफरचा मार्ग मोकळा झाला. २८ सप्टेंबर १८३७ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी तो गादीवर आला. त्याला कंपनीकडून दरमहा एक लाख रुपये तनखा मिळे. हुकूम चालायचा तो लाल किल्ल्याच्या भिंतींआतच.

सत्ता नसलेल्या या बादशहाने वेगळे राज्य उभे केले. ते भाषेचे होते. जफर स्वतः उर्दूतील उत्तम कवी होता. त्याचे चार दीवान प्रसिद्ध आहेत. ब्रज आणि पंजाबी भाषांतही त्याने रचना केली. सुलेखनात त्याचा हात चांगला होता. प्रारंभी शाह नसीर, नंतर जौक आणि १८५४ साली जौक वारल्यावर गालिब हे त्याचे काव्यगुरू झाले. सूफी विचारांकडे त्याचा कल होता आणि अनेक लोक त्याला पीर मानत. मेहरौलीच्या फुलांच्या जत्रेत हिंदूंचे योगमाया मंदिर आणि मुसलमानांचा काकींचा दर्गा या दोन्ही ठिकाणी फुलांचे पंखे वाहिले जात. या जत्रेला त्याचा आश्रय होता.

पण ही संध्याकाळही फार काळ टिकणार नव्हती. १८५६ मध्ये वारस शहजादा मिर्झा फखरू पटकीने वारला. बेगम झीनतमहलला आपला मुलगा जवाँबख्त वारस व्हावा असे वाटत होते. दरम्यान इंग्रजांनी निर्णय घेतला होता, की जफरनंतर कोणालाही बादशहा म्हणायचे नाही आणि घराण्याला लाल किल्ला सोडावा लागेल. म्हणजे वंश शिल्लक राहणार होता, पण वंशाचे नाव संपणार होते. १८५७ च्या घटना समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

६.२.४ १८५७ चा उठाव

१० मे १८५७ रोजी मेरठच्या शिपायांनी उठाव केला आणि ११ मे रोजी ते दिल्लीत आले. त्यांना नेतृत्वासाठी नाव हवे होते आणि सर्वांना मान्य होईल असे एकच नाव त्यांच्यापुढे होते. एक्याऐंशी वर्षे पूर्ण केलेल्या जफरने ते नाव दिले. त्याच्यापाशी ना खजिना होता, ना फौज. शहरात लूट होत होती, शिपायांना पगार मिळत नव्हता आणि तो हताश होत होता. तरीही एका बाबतीत तो ठाम राहिला. त्या वर्षीच्या बकरी ईदला त्याने गोहत्येस बंदी केली आणि हिंदू-मुसलमानांत फूट पडू दिली नाही.

या काळाचे चित्रण आपल्याला मराठीतही वाचायला मिळते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत होते आणि झाशीचा पाडाव त्यांनी प्रत्यक्ष अनुभवला होता. त्यांचा माझा प्रवास हा ग्रंथ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. हे साल आपण ध्यानात ठेवा. रंगूनच्या कथेत ते पुन्हा येणार आहे.

१४ सप्टेंबर रोजी इंग्रजांनी दिल्लीवर निर्णायक हल्ला केला. जफर किल्ला सोडून हुमायूनच्या मकबऱ्यात, म्हणजे आपल्याच पूर्वजाच्या कबरीच्या आश्रयाला गेला. तेथे जीविताची हमी घेऊन तो कॅप्टन हॉडसनच्या स्वाधीन झाला. दुसऱ्या दिवशी, २२ सप्टेंबर रोजी, मिर्झा मुघल व मिर्झा खिज्र सुलतान हे त्याचे मुलगे आणि मिर्झा अबूबक्र हा नातू अशा तिघांना हॉडसनने दिल्ली दरवाजाजवळ गोळ्या घालून ठार केले. त्यानंतर अनेक शहजाद्यांना फाशी देण्यात आली. वंशावळीच्या भाषेत सांगायचे तर, एका पावसाळ्याअखेरीस एका घराण्याच्या बहुतेक फांद्या तोडल्या गेल्या.

६.२.५ खटला आणि हद्दपारी

२७ जानेवारी १८५८ रोजी लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासमध्ये जफरवर लष्करी आयोगापुढे खटला सुरू झाला. ज्या दालनात त्याचे पूर्वज दरबार भरवीत, तेथेच तो आरोपी म्हणून बसला. ९ मार्च रोजी त्याला दोषी ठरवण्यात आले. या खटल्यातील एक विसंगती आपण पाहिली पाहिजे. बंगालची दिवाणी कंपनीला १७६५ साली मिळाली, ती जफरच्याच आजोबांच्या फर्मानाने. कागदोपत्री कंपनी ही बादशहाची चाकर होती. चाकराने धन्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवावा, असा तो प्रकार होता.

जीविताची हमी दिलेली असल्याने फाशी देता येईना. म्हणून हद्दपारी ठरली. ७ ऑक्टोबर १८५८ रोजी पहाटे बैलगाड्यांचा तांडा दिल्लीतून निघाला. सोबत झीनतमहल, जवाँबख्त, शाह अब्बास हा दुसरा मुलगा आणि काही नोकरमाणसे होती. अलाहाबादहून काही जण मागे परतले. कलकत्त्याहून जहाजाने ही मंडळी डिसेंबरात रंगूनला पोहोचली. तेथे श्वेडगॉन पॅगोड्याजवळच्या छावणीत एका लाकडी घरात त्यांना पहाऱ्यात ठेवण्यात आले. बादशहाला कागद, लेखणी आणि शाई मिळण्यास बंदी होती. कवीसाठी याहून कठोर शिक्षा कोणती असू शकेल?

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगावी. दफनासाठी मायभूमीत दोन हात जागाही लाभली नाही, असा खेद व्यक्त करणारी एक गझल जफरने रंगूनमध्ये रचली, असे सर्वत्र मानले जाते. परंतु त्याच्या हयातीत छापलेल्या दीवानांत ती नाही, आणि अनेक अभ्यासकांना ती त्याचीच आहे याबद्दल शंका आहे. ती गझल त्याच्या दैवाशी इतकी जुळते, की लोकांनी ती त्याला बहाल केली असणेही शक्य आहे. चरित्रकाराने अशा ठिकाणी लोकांची भावना नोंदवावी, पण तिला कागदाचा पुरावा मानू नये.

६.२.६ एका दिवसात उरकलेले दफन

७ नोव्हेंबर १८६२ रोजी पहाटे पाच वाजता जफरचे निधन झाले. त्याचे वय सत्त्याऐंशी वर्षे होते. त्याच दिवशी दुपारी चार वाजता, पहाऱ्याच्या चौकीमागे, त्याचे दफन करण्यात आले. कैद्यांची जबाबदारी असलेला अधिकारी कॅप्टन नेल्सन डेव्हिस याने विटा आणि चुना आधीच आणवून ठेवला होता. अंत्यविधीस मुलगे आणि एक मौलवी होते. विटांनी बांधलेल्या खड्ड्यात देह ठेवून वरची जमीन आजूबाजूच्या जमिनीशी सपाट करण्यात आली आणि तिच्यावर हिरवळीचे थर बसवण्यात आले. भोवती काही अंतरावर बांबूचे कुंपण घातले गेले. कुंपण कुजून पडेपर्यंत गवत सगळीकडे सारखे वाढलेले असेल आणि शेवटचा मोगल कोठे निजला आहे हे ओळखू येणार नाही, असा डेव्हिसच्या अहवालाचा आशय आहे.

यामागचे कारण समजणे कठीण नाही. कबर ही लोकांच्या एकत्र येण्याची जागा असते. जेथे दिवा लागतो तेथे माणसे जमतात. जेथे माणसे जमतात तेथे आठवणी निघतात. १८५७ ची आठवण निघू नये, म्हणून दिवा लावण्याची जागाच पुसून टाकण्यात आली. मात्र या व्यवस्थेतील एक विरोध आपण टिपून ठेवा : ज्या अधिकाऱ्याने कबर लपवली, त्यानेच ती कशी लपवली हे काटेकोरपणे लिहून ठेवले. राज्यकारभाराला नोंदीवाचून चालत नाही. जमिनीवरून पुसलेली गोष्ट कागदावर राहिली.

६.२.७ कबरीचा शोध

जवाँबख्त १८८४ साली आणि झीनतमहल १८८६ साली रंगूनमध्येच वारली. झीनतमहलला पतीजवळ पुरण्याची वेळ आली, तेव्हा नेमकी जागा कोणालाच दाखवता येईना. अंदाजाने जवळपास तिचे दफन झाले. अवघ्या चोवीस वर्षांत डेव्हिसचा हेतू सफल झाला होता.

१९०३ साली भारतातून आलेल्या काही लोकांनी कबरीची चौकशी केली. स्थानिक माणसांनी एका बोरीच्या झाडाकडे बोट दाखवले. १९०५ मध्ये रंगूनच्या मुसलमानांनी सभा घेऊन कबरीवर खूण असावी अशी मागणी केली. बराच पत्रव्यवहार झाल्यावर १९०७ साली सरकारने तेथे कठडा उभारून कोरीव दगड बसवू दिला. दिल्लीचा माजी राजा बहादुरशहा रंगून येथे वारला आणि या जागेजवळ पुरला गेला, एवढाच मजकूर त्यावर होता. यातील जवळ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो प्रामाणिक होता आणि अपुराही होता. गोडसे भटजींचा ग्रंथ छापून आला तेही १९०७ हेच साल. पन्नास वर्षे दडपलेल्या आठवणी पुण्या-मुंबईत आणि रंगूनमध्ये, एकमेकींचा ठावठिकाणा नसताना, एकाच वर्षी वर येत होत्या.

पुढे त्या जागेवर साधा निवारा झाला आणि लोक जफरला पीर मानून तेथे दर्शनास येऊ लागले. सप्टेंबर १९४३ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेसह तेथे मानवंदना दिली. जी जागा लोकांच्या जमण्याला भिऊन पुसली होती, तेथेच ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभी राहिलेली सेना जमली. खरी कबर मात्र तेव्हाही सापडलेली नव्हती.

ती सापडली १६ फेब्रुवारी १९९१ रोजी. दर्ग्याच्या मागील बाजूस कामगार गटारासाठी चर खणत असताना सुमारे तीन फूट खोलीवर विटांनी बांधलेली कबर लागली. तिच्यात सांगाडा जवळजवळ अखंड होता. लोक जेथे फुले वाहत होते, त्या ठिकाणापासून ही जागा सुमारे पंचवीस फुटांवर होती. बांधकाम आणि जागा डेव्हिसच्या वर्णनाशी जुळली.

मित्रहो, येथे थोडे थांबून आपण तीन पुराव्यांचा विचार करू. कागदाने कबर कशी होती ते सांगितले, पण नेमकी कोठे ते दाखवले नाही. लोकस्मृतीने जागा राखली, पण पंचवीस फुटांचे अंतर पडले. जमिनीने कबर दिली, पण ती कोणाची हे जमिनीला सांगता येत नव्हते. तिन्ही एकत्र आल्यावरच निष्कर्ष निघाला. लोकस्मृती पंचवीस फुटांनी चुकली, म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. ती नसती तर तेथे दर्गा नसता, आणि दर्गा नसता तर गटारात सापडलेल्या विटांकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलेही नसते.

६.२.८ वंशजांचा माग

कबरीइतकाच वंशजांचा माग काढणे कठीण ठरले. १८५७ नंतर दिल्लीत शहजादा असणे म्हणजे जिवावर संकट ओढवून घेणे होते. अनेकांनी नावे बदलली, गावे बदलली, मोलमजुरी पत्करली. अशा कुटुंबांच्या हकिगती ख्वाजा हसन निजामी यांनी पुढे ऐकून उर्दूत लिहिल्या. त्या वाचताना त्यांतील ललित भाग आणि माहितीचा भाग वेगळा करावा लागतो. तरीही जे कोणत्याच दफ्तरात नोंदले गेले नाही, ते त्यांत टिकले आहे.

घराण्याचा वारसा सांगणे आणि तो सिद्ध करणे यांतही अंतर आहे. जफरच्या पणतूची विधवा म्हणवणाऱ्या एका महिलेने लाल किल्ल्यावर हक्क सांगत दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. दीडशेहून अधिक वर्षांच्या विलंबाच्या कारणावरून न्यायालयाने ती २०२१ साली फेटाळली. नाते खरे की खोटे, हा प्रश्न तेथे निर्णयाला आलाच नाही. न्यायालय मुदत पाहते. इतिहासकार साखळी पाहतो. साखळीतील प्रत्येक कडीला, म्हणजे प्रत्येक पिता-पुत्र अथवा माता-पुत्र नात्याला, स्वतंत्र पुरावा लागतो. एक कडी निसटली की पुढची सर्व नावे अधांतरी राहतात.

मोगल घराण्यातील असा हा एकच शोध नाही. १६५९ साली औरंगजेबाने ठार करवलेल्या दारा शुकोहची कबर हुमायूनच्या मकबऱ्यात आहे, असे तत्कालीन इतिहासग्रंथ सांगतात. पण तेथील अनेक कबरींवर नावेच नाहीत. ती ओळखण्यासाठी केंद्र सरकारने २०२० साली तज्ज्ञांची समिती नेमली होती.

६.२.९ रत्नागिरीतील प्रतिबिंब

रंगूनच्या या कथेचे प्रतिबिंब आपल्या कोकणात आहे. १८८५ च्या अखेरीस इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केले. त्याला प्रथम मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. भारताचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा भारतात, अशी ही अदलाबदल होती. आपल्या प्रजेपासून समुद्राने तोडलेला राजा निरुपद्रवी होतो, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच होता. थिबासाठी रत्नागिरीत बांधलेला राजवाडा १९१० मध्ये राहण्यास तयार झाला. डिसेंबर १९१६ मध्ये तो तेथेच वारला. देह मायदेशी नेता यावा अशी कुटुंबाची इच्छा होती. ती मान्य झाली नाही. रत्नागिरीतच त्याची समाधी बांधण्यात आली. राणी सुपयालत १९१९ साली ब्रह्मदेशास परतली. १९२५ मध्ये ती वारली, तेव्हा तिची समाधी रंगूनमध्ये झाली. पतीची समाधी एका देशात आणि पत्नीची दुसऱ्या देशात राहिली. थोरल्या राजकन्येचा वंश मात्र रत्नागिरीत मराठी माणसांत मिसळून गेला. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीस येऊन थिबाच्या समाधीला वंदन केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात भारताचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जफरच्या कबरीवर फुले वाहिली होती.

६.३ समारोप

जफरच्या चरित्रात पराक्रम शोधू गेल्यास तो थोडाच सापडेल. तो दुबळा होता, वृद्ध होता, अनेकदा अनिश्चित होता. परंतु त्याच्या देहाचीसुद्धा एवढी धास्ती घेतली गेली, यातच त्याच्या नावाचे वजन दिसते. आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आता वळू. कबर नाहीशी करणाऱ्याला माणूस नव्हे, माणसाभोवती जमणारी माणसे नाहीशी करायची असतात. रंगूनमध्ये ते साधले नाही. कारण कोणीतरी बोरीचे झाड लक्षात ठेवले, कोणीतरी सभा घेऊन दगड मागितला आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी तेथे दिवा लावत राहिले. त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

हा विचार केवळ बादशहांपुरता नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात तीन-चार पिढ्यांमागे नावे धूसर होतात. आजोबांच्या आजीचे नाव किती जणांना सांगता येईल? पुरुषांची नावे सात-बारावर आणि फेरफारात टिकतात. स्त्रियांची नावे लग्नाबरोबर बदलतात आणि कागदाबाहेर राहतात. धरणात गेलेली गावे, रस्त्यात गेलेल्या समाध्या, साथीच्या वर्षी घाईने उरकलेली दफने यांचा शोध कोणतेही सरकार घेणार नाही. तो घरातल्या माणसानेच घ्यायचा असतो, आणि जोवर आठवण सांगणारे वृद्ध हयात आहेत तोवरच तो शक्य असतो.

६.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. राजावली आणि वंशावळ यांतील फरक जफरच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. बाबरापासून जफरपर्यंतच्या कबरींच्या स्थानांवरून मोगल सत्तेच्या वाटचालीविषयी कोणते निष्कर्ष काढता येतात?
३. कागद, जागा आणि लोकस्मृती यांपैकी कोणताही एक पुरावा नसता, तर जफरची कबर ओळखता आली असती का? सकारण लिहा.
४. जफर आणि थिबा यांच्या हद्दपारीतील साम्य व भेद सांगा.

६.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या घराण्याच्या किमान चार पिढ्यांची वंशावळ तयार करा. प्रथम घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीशी, विशेषतः आजी, आत्या, मावशी यांच्याशी बोला आणि त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे लिहून घ्या. त्यानंतर ती माहिती कागदांशी ताडून पाहा. शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, फेरफार, घरातील मोडी कागद यांचा उपयोग होईल. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर अथवा काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस गेलेल्या पूर्वजांच्या नोंदी मिळू शकतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घराण्यांची वंशावळ सांगत येतात. त्यांच्याकडेही चौकशी करा. ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या नोंदवह्या आणि मुस्लिम व लिंगायत कुटुंबांना दफनभूमीची व्यवस्था पाहणारी मंडळी साहाय्यक ठरतील. आपल्या कुळाचा कुलवृत्तान्त छापलेला असल्यास तो जरूर पाहा, परंतु त्यातील प्रत्येक नाते अंतिम मानू नका.

शेवटी, आपल्या पूर्वजांपैकी एकाची समाधी, थडगे, कबर किंवा वृंदावन कोठे आहे याचा शोध घ्या. जागा सापडल्यास तिचा नकाशा काढा आणि जवळची कायमची खूण, म्हणजे विहीर, देऊळ, ओढा, पायांनी मोजलेल्या अंतरासह नोंदवा. जागा निश्चित होत नसेल, तर रंगूनच्या १९०७ च्या दगडाप्रमाणे जवळ असे लिहा. त्या एका शब्दाच्या आधाराने पुढच्या पिढीतील कोणीतरी उरलेले पंचवीस फूट चालून जाईल.